बाबांचा शेवटचा दात आणि माझी अकराशे सीसी

आधीच सांगून ठेवते, "बाईमाणसाला एवढी मोठी गाडी कशाला?" हा प्रश्न मला विचारायचा नाही. तो विचारणाऱ्या तिघांशी माझं बोलणं बंद आहे आणि त्यातला एक माझा सख्खा मामा आहे. घरात मला किक म्हणतात. एका झटक्यात पेटते म्हणून. हे नाव बाबांनी ठेवलं, मी चार वर्षांची असताना. आता सेहेचाळीस सरली तरी पेटायला वेळ लागत नाही, हे मी स्वतःच कबूल करते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

तर गाडी. अकराशे सीसी, दोन सिलिंडर, अडीचशे किलो. एका गृहस्थांच्या शेडमध्ये नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. टेम्पोतून उतरवली तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "ही गाडी आहे की म्हैस?" त्या दिवसापासून तिचं नाव म्हैस पडलं. माझ्या नवऱ्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली, चष्मा पुसला, परत मारली आणि म्हणाला, "मला सवत आणलीस." तो शिंपी आहे. सायकलवरून उतरताना सुद्धा आधी दोन्हीकडे बघून घेणारा माणूस.

गॅरेज बाबांचं, चालवते मी. वर घर, खाली गॅरेज, आणि शेजारच्या खोलीत नवऱ्याची शिलाई मशीन. मधली भिंत डोक्याएवढीच उंच आहे, त्यामुळे माझ्या शिव्या त्याला ऐकू येतात आणि त्याचं गुणगुणणं मला. दिवसभर लोकांच्या गाड्या करायच्या आणि संध्याकाळी सहा वाजले की हात धुऊन म्हशीकडे वळायचं, असं माझं वर्षभर चाललं होतं. हात धुवायचं काही कारण नव्हतं, लगेच परत काळे व्हायचे. पण परक्याच्या गाडीचं ग्रीस माझ्या गाडीला कशाला लावू?

आता मजा ऐका. बाजारातून नवीन गाडी आणली की तिच्यावर बसता येतं, बास. पण जुनी आणली की तिचा एकेक अवयव आपला करता येतो. मी फूटरेस्ट पितळेचे केले, स्वतः लेथवर कातून. पितळेची साल लेथवरून सोनेरी कुरळी निघते ना, ती मी डबाभर जपून ठेवलीय, काही उपयोग नसताना. हँडल दोन बोटं वर घेतलं. चाकांचे आरे एकेक करून घट्ट केले आणि प्रत्येकावर टिचकी मारून आवाज सारखा येतो का पाहिलं, सगळे एका सुरात येईपर्यंत तीन संध्याकाळी गेल्या. सायलेन्सरचा पाईप मी स्वतः वाकवला. नुसता वाकवला तर तो चेपतो, म्हणून आधी त्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, लालबुंद तापवायचा आणि मग जीव खाऊन ओढायचा. तो वळण घेतो तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो मला लग्नात आला नव्हता. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला पण नव्हता आला."

टाकीचा रंग तीनदा बदलला. लाल लावला, भडक वाटला. हिरवा लावला, सरकारी वाटला. मग वांगी रंग ठरला. आई भाजीतलं खरं वांगं घेऊन खाली आली, ते टाकीला चिकटवून उन्हात डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "हे तुझं शिळं वाटतंय. अजून काळं घाल." ज्या बाईनं तीन महिने गाडीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, ती रंगाच्या दुसऱ्या हाताच्या आधी ब्रशचे केस तपासायला लागली.

सीट नवऱ्यानं शिवली. मला वर्तमानपत्रावर बसवून खडूनं माप काढलं. "श्वास सोड," म्हणाला, "गाडीवर कुणी पोट आत घेऊन बसत नाही." काळं चामडं, त्यावर वांगी धाग्यानं शंकरपाळ्यासारखे चौकोन. आणि मागची सीट तर त्यानं पुढच्यापेक्षा गुबगुबीत केली. मी विचारलं, "मागे बसणार कोण?"

"कुणीतरी बसेलच की. मी नाही."

मग एका रविवारी सकाळी ती पहिल्यांदा सुरू झाली. अहाहा! वरच्या स्वयंपाकघरात ताटल्या वाजल्या. समोरच्या लाँड्रीवाल्यानं इस्त्री हातात तशीच धरून बाहेर धाव घेतली. मी पान्हा हातात घेऊन गॅरेजभर नाचले. नाचता येत नाही तरी नाचले. नवरा भिंतीवरून डोकं काढून ओरडत होता, काय ते कळत नव्हतं, म्हणून मी त्याला पापा फेकला. नंतर कळलं की माझ्या ओढणीचं टोक गरम पाईपला लागून धूर निघत होता.

आता बाबा. बाबांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. बाबांच्या उस्तादांनी त्यांना एक सवय लावली होती. इंजिन सुरू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ दातात धरायची. मग इंजिनाच्या पोटातली बारीकशी कुरकुर सुद्धा दातातून हाडात आणि हाडातून थेट डोक्यात जाते. बाबा अशी एकेक जागा ऐकत जायचे, डोळे मिटून. सगळं ठीक असलं की मूठ तोंडातून काढून म्हणायचे, "जाऊ द्या." ते म्हटल्याशिवाय आमच्या गॅरेजातून एकही गाडी बाहेर गेलेली नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, वरात खोळंबलेली असो, बाबांच्या दाताशिवाय गाडी हलायची नाही.

सहा वर्षांपूर्वी बाबांचे कान गेले. जुनं दुखणं होतं, कान वाहायचे, पडदे गेले, आतली बारीक हाडं गेली. नस शाबूत आहे म्हणे, पण बाहेरचा आवाज तिथवर पोचतच नाही. यंत्र आणलं, तर ते कानात घातलं की परत कान वाहायला लागायचे. ते कपाटात गेलं. आम्ही बोलायला खडू वापरायला लागलो. गॅरेजच्या शटरवर, बाकावर, आणि आईनं तर स्वयंपाकघराच्या दाराला काळा रंगच काढून घेतला. "जेवायला या" हे तिनं एकदाच लिहून ठेवलंय, ते कधी पुसत नाही.

पण दात होते ना! कान गेले तरी स्क्रूड्रायव्हर दातात धरला की बाबांना इंजिन पहिल्यासारखं स्वच्छ ऐकू यायचं. माणसाचा आवाज नाही, भांड्याचा नाही, दारावरच्या बेलचा नाही. सहा वर्षांत त्यांनी ऐकली ती फक्त इंजिनं.

मग दात पडायला लागले. एकामागून एक गेले. कवळी आली. कवळीत मूठ धरली की नुसती कवळीच खडखडते, बाबा म्हणायचे, "हे तर माझंच इंजिन बिघडलं." कपाळाला टेकवून पाहिलं, कानामागे टेकवून पाहिलं. म्हणाले, भिंतीपलीकडे कुणी कुजबुजतंय असं वाटतं, कामाचं नाही. शेवटी उजवीकडे एक दाढ उरली. त्या एका दाढेवर आमचं गॅरेज दोन वर्षं चाललं. आणि आता तीही हलायला लागली. खाली पू झाला, बाबांचा गाल सुजला. दातांची डॉक्टर, तरुण पोरगी, हसरी, पण हट्टी, तिनं सरळ सांगितलं, "आजोबा, ही शुक्रवारी चार वाजता काढायची. आता एक आठवडाही थांबायचं नाही."

हे सोमवारी झालं. आणि सोमवारपर्यंत बाबांनी माझी म्हैस ऐकलेली नव्हती.

का नव्हती? कारण मी ऐकवलीच नव्हती. रोज काहीतरी राहिलंय म्हणायचे. आज आरसे राहिलेत, आज दिव्याची कड राहिलीय, आज बोल्टांना पॉलिश राहिलंय. बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, स्क्रूड्रायव्हर मांडीवर घेऊन. खरं सांगते, मला भीती वाटत होती. लोकांच्या गाड्यांना बाबा नापास करायचे तेव्हा मला काही वाटायचं नाही, दुरुस्त करून परत पुढे ठेवायची. पण ही माझी होती. हिला त्यांनी नाक मुरडलं असतं तर मी सेहेचाळीस वर्षांची बाई तिथंच भोकाड पसरून रडले असते. आणि आता ती भीती एका बाजूला आणि शुक्रवारचे चार दुसऱ्या बाजूला. दाढ गेली की बाबा कुठलंच इंजिन परत ऐकणार नव्हते. माझं तर त्यांनी एकदाही ऐकलं नसतं.

मी शटरवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "शुक्रवारी सकाळी ९. म्हैस." बाबांनी वाचलं, खिशातून खडू काढला आणि खाली लिहिलं, "एकदाची!"

शुक्रवारी सगळे नटून खाली. आईनं इस्त्रीची साडी नेसली होती, जशी काही गाडीला बघायला पाहुणे येणार होते. बाबांनी दाढी केली होती. कवळी काढून खिशात ठेवली होती, त्यामुळे गाल आत गेले होते, पण डोळे असे चमकत होते की बघत राहावं. मी म्हैस सुरू केली. धाड धाड धाड धाड! पोटात ढोल वाजल्यासारखं झालं. नवरा पुढे आला आणि मोठ्या मानानं स्क्रूड्रायव्हर बाबांच्या हातात दिला.

बाबांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ उजव्या बाजूला दाढेखाली धरली, डोळे मिटले.



बाबांनी डोळे उघडले. टोक सरकवलं, परत मिटले, परत उघडले. मग मूठ काढून माझ्याकडे बघत बाबा मोठ्यानं म्हणाले, "बंद का केलीस?"

गाडी सुरू होती. दणदणत होती. लाँड्रीवाला समोर कानावर हात ठेवून उभा होता. बाबांना ती ऐकू येत नव्हती.

आईनं पदर तोंडाला लावला. दाढ मेली होती. सोमवारपर्यंत चालत होती आणि आज मेली होती, आणि मी वर्षभर बोल्टांना पॉलिश करत बसले होते. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. बाबा हात पुढे करून इंजिनाला लावत होते, थरथर हाताला लागत होती, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

रागानं मी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला. आणि माझ्या हाताला काहीतरी मऊ लागलं.

"हे काय आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

तो अभिमानानं म्हणाला, "मूठ मढवली. आत स्पंज, वर चामडं. बाबांच्या दाढेला लागू नये म्हणून. रात्रभर शिवत होतो."

माझ्या गाडीच्या सीटचंच चामडं. वर वांगी धाग्यानं तेच चौकोन. बाबांनी ती मानाची म्हणून तशीच दाढेखाली घेतली होती. तीस वर्षं ज्या लाकडातून आवाज जात होता, त्याला माझ्या नवऱ्यानं गादी शिवली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय म्हणाले, ते तोच सांगेल. म्हणता म्हणता मी दातांनी ती शिवण उसवत होते. सुटता सुटेना, इतकी पक्की शिवली होती मेल्यानं. शेवटी त्यानंच कात्री आणून दोन टाके कापून सोडवली, खालमानेनं. सगळं कळल्यावर आई हसायला लागली आणि हसता हसता तिथल्या टायरवर बसली. बाबांना मी खडूनं लिहून दाखवलं, "जावयानं मुठीला गादी शिवली." बाबांनी वाचलं, जावयाकडे बघितलं आणि एका दातानं हसले.

मग परत. लाकूड दाढेखाली, टोक इंजिनावर.

या वेळी बाबांच्या भुवया वर गेल्या. मान हलायला लागली, तालावर. पायाचा अंगठा चपलेत हलायला लागला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाबा उजव्या सिलिंडरवरून डाव्यावर गेले, वर गेले, खाली आले, परत वर गेले. आणि तिथं थांबले. मान हलायची थांबली.

मूठ काढून म्हणाले, "डाव्याचं टॅपेट वाजतंय."

मी मानेनंच नाही म्हणाले. जोरात. टॅपेट वाजत असतं तर मला ऐकू आलं नसतं? दोन धडधाकट कान आहेत मला! मी खडू घेऊन जमिनीवर लिहिलं, "नाही वाजत!" आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या पाईपनं तुझे कान भरलेत. पाईप गातोय चांगला. इंजिन कुरकुरतंय. टिक टिक टिक. बंद कर."

मला इतका राग आला की मी बंद करून पान्हाच फेकला. मग उचलून आणला, कारण दुसरा त्या मापाचा नव्हता. आणि मला ठाऊक होतं की बाबा बरोबर आहेत. वाळू ठासून वाकवलेला माझा लाडका पाईप इतका ढोल वाजवत होता की त्याच्यामागे काय चाललंय ते मला वर्षात एकदाही ऐकू आलं नव्हतं. बहिऱ्या माणसानं ते एका मिनिटात ऐकलं.

आता अडचण अशी की टॅपेटची फट, म्हणजे झडप आणि ती दाबणारा तुकडा यांच्यामधली जागा, केसाएवढी असते आणि ती इंजिन गार असतानाच मोजायची असते. तापल्यावर धातू फुगतो, माप खोटं येतं. आणि म्हैस तर तव्यासारखी तापली होती. अशी गाडी गार व्हायला दिवस जातो, आणि चार वाजता दाढ जाणार होती.

पुढचे पाच तास आमच्या गॅरेजात जे चाललं ते कुणी बघितलं असतं तर आम्हाला बांधून नेलं असतं. वरचे दोन पंखे काढून खाली आणले. नवऱ्यानं मशीनजवळचा टेबलफॅन दिला, पाप धुऊन काढायला. लाँड्रीवाल्यानं त्याचा मोठा फॅन आणला आणि शेजारी उभं राहून सल्ले दिले. आई सुपानं वारा घालत होती. पाणी ओतायचं नाही, तडा जातो, हे मी सगळ्यांना बजावलं होतं, तरी ती हळूच ओल्या फडक्याकडे हात नेत होती आणि मी डोळे वटारत होते. बाबा खुर्चीत बसून एका बाजूनं गाल धरून मऊ भात गिळत होते आणि मध्येच म्हणत होते, "फुंका, फुंका!" दर दहा मिनिटांनी मी इंजिनाला तळहात लावायचे. दीड वाजता हात टिकायला लागला. सव्वादोनला कोमट. पावणेतीनला गार.

झाकण उघडलं. मोजायची पातळ पट्टी डाव्या टॅपेटखाली सरकवली आणि ती अशी सैल हलली की मला लाज वाटली. नट सैल केला, पट्टी ठेवून स्क्रू फिरवला, पट्टी नुसती घासून निघेल इतकं धरलं, नट आवळला. परत मोजलं. बाबा खांद्यामागून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. झाकण लावलं. तीन वाजून दहा मिनिटं.

सुरू केली. बाबांनी मूठ दाढेखाली धरली. उजवं. डावं. वर. डोळे मिटलेले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. चेहऱ्यावर काहीतरी उगवत होतं, मला दिसत होतं, आता म्हणणार, आता म्हणणार, आणि तेवढ्यात कट्ट!

बाबांच्या हातात स्क्रूड्रायव्हर. लाकडात रुतलेली दाढ. तोंडातून रक्त.

आई किंचाळली. नवरा खाली बसला, त्याला रक्त चालत नाही. मी गाडी बंद केली. बाबा ती मुठीतली दाढ अशी बघत राहिले, जणू कुणाची आहे ते त्यांना ओळखू येत नव्हतं. आईनं त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला. काहीतरी म्हणायला गेले तर तिनं दुसरा कोंबला.

आणि मी रडायला लागले. चांगली हमसाहमशी. त्यांनी ऐकली होती की नव्हती? पास की नापास? आता ते कधी कळणारच नव्हतं. बाबा हातानं काहीतरी खुणा करत होते, मी बघतच नव्हते. मी सेहेचाळीस वर्षांची बाई टाकीवर डोकं ठेवून रडत होते, आणि वांगी रंगावर पाण्याचे डाग पडत होते, आणि त्याचंही रडू येत होतं.

शेवटी बाबांनीच माझं बखोट धरून मला उभं केलं. घड्याळाकडे बोट दाखवलं, मग गालाकडे. डॉक्टरकडे तर जायलाच हवं होतं, जखम दाखवायला. मी रिक्षा बघायला रस्त्याकडे वळले, तर मागून टाळी आली. बाबा म्हशीच्या मागच्या सीटवर बसले होते. डोक्यावर गॅरेजातलं अस्तर झडलेलं हेल्मेट, तोंडात बोळा. उभ्या आयुष्यात बाबा कुणाच्या मागे बसले नव्हते. नवरा खालूनच म्हणाला, "बघ, बसलं की नाही कुणीतरी!"

मी तसलंच हेल्मेट घातलं, नाक आतच पुसलं आणि निघाले.

गल्लीतून हळूहळू, मग मोठा रस्ता, मग पुलाकडे जाणारा मोकळा रस्ता. आणि तिथं म्हैस सुटली. काय सांगू! मूठ जराशी पिळली आणि रस्ता आपणहून अंगाखाली यायला लागला. दोन्ही सिलिंडर एका दमात, टिक नाही, कुरकुर नाही, नुसता गोड घुमणारा आवाज, पितळेच्या फूटरेस्टवरून माझ्या टाचांत येणारा. रडता रडता मला हसू फुटलं. वळणावर गाडी कलली तशी मी ओरडलेच, हुर्रे म्हणून, हेल्मेटच्या आत. मागे बाबांनी माझी कंबर धरली होती, आणि पुढे वाकून त्यांनी आपलं हेल्मेट माझ्या हेल्मेटला टेकवलं होतं, वाऱ्यापासून तोंड वाचवायला. टक्क करून लागलं आणि तसंच राहिलं.

मी आपली स्वतःशीच बोलत होते, माणूस गाडीवर बोलतो तसं. म्हणाले, "बाबा, सांगायचं तरी होतं हो. बरी झाली का नाही ती?"

"म्हणत तर होतो, जाऊ द्या!" मागून बोळ्यातून बोबडं ओरडणं आलं. "तुझ्या आईनं बोलू दिलं तर ना! आणि तू रडत बसलीस!"

जीव भांड्यात पडला. मी हसायला लागले. मोठमोठ्यानं. पास! माझी म्हैस पास! एक दिव्याचा खांब गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याशी माझं हसू एकदम थांबलं.

मी तर काहीच लिहिलं नव्हतं.

गाडी कशीबशी सरळ धरली. हळू म्हणाले, "बाबा?"

"काय?"

"तुम्हाला ऐकू येतंय?"

हेल्मेटला हेल्मेट घट्ट दाबलं गेलं.

"येतंय," बाबा म्हणाले. "तुझा आवाज बदललाय गं. जाड झालाय. आईसारखा."

सहा वर्षं. सहा वर्षं आम्ही गावभरच्या इंजिनांना बाबांचं डोकं लावत होतो. स्कूटर, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी. आणि मोठे आम्ही कारागीर, आईच्या, माझ्या, जावयाच्या डोक्याला त्यांचं डोकं एकदा लावून बघावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खडू संपले की नवे आणत होतो.

दवाखान्याची पाटी आली. मी ब्रेकवर पाय ठेवला तसं त्यांनी माझ्या खांद्यावर चापट मारली. "चल, चल. रक्त थांबलंय. बोल तू."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

मग मी बोलत सुटले. मामाशी माझं का बिनसलं ते आधी सांगितलं.